मास्तरांची कंबर

आपण जाड झालोय हे माणसाला कळतं कसं? कपड्यांवरून. बटण लागेनासं झालं की माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःला चार शिव्या घालतो आणि दोन दिवस तरी कमी जेवतो. मास्तरांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. ते पडले शिंपी! पँट काचायला लागली की दुपारी गिऱ्हाईक नसताना शिलाई उसवायची, आत दुमडून ठेवलेली दोन बोटं माया मोकळी करायची आणि वरून टीप मारायची. आपला हात जगन्नाथ. माया संपली तेव्हा त्यांनी मागे पट्टी जोडली, तीही अशी बेमालूम की शोधून सापडू नये. बायको गेल्यापासून त्यांची एकही पँट त्यांना कधी घट्ट झाली नाही. जगाची मापं घेणाऱ्या या माणसानं स्वतःच्या कंबरेला टेप म्हणून लावली नाही.

चुगली केली ती गुडघ्यांनी. मशीन चालवताना ते बोलू लागले. दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. वजन उतरवा, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

पण वजन चढलं कशानं, ते मास्तरांना ठाऊक होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते एकटे. संध्याकाळी शटर ओढलं की घर खायला उठायचं, आणि मग मास्तरही खायला बसायचे. भूक कुठली असायला! ताट समोर असलं की तेवढा वेळ बरा जायचा. ताट संपलं की पुन्हा वाढून घ्यायचे.

लेक लांबच्या गावी नोकरीला. तिनं फोनवरच निकाल लावला. "बाबा, वजन कमी करायचं ऑपरेशन करून टाका. पथ्य तुमच्याच्यानं होणार नाही. मी तीन आठवडे रजा काढून येते, सगळं मी बघते."

सर्जन भला माणूस होता. त्यानं कागदावर पोटाचं चित्र काढलं. "हा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेल्याला पिनांची शिवण घालायची. वजन झपाट्यानं उतरतं, साखरही बऱ्याचदा उतरते. पण शिवण गळू शकते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात."

मास्तरांनी चित्रातल्या शिवणीवर बोट ठेवलं. "नंतर वाटलं, तर हे उसवता येतं का?"

"नाही हो. कापलेलं आम्ही टाकूनच देतो."

मास्तरांनी बोट मागे घेतलं. पुढे सुधारायला जागा न ठेवता त्यांनी हयातीत कधी कापड बेतलं नव्हतं.

"घाई नाही," सर्जन म्हणाला. "तुमचं वजन अजून हाताबाहेर गेलेलं नाही. आधी आहार सांभाळून बघितलात तरी चालेल. शेजारच्या खोलीत आमच्या आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांच्याशी बोला."

बाईंनी काही लपवलं नाही. "आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप. वर्ष-दीड वर्ष जाईल. मधेच वजन अडून बसेल, तुम्हाला कंटाळा येईल. बऱ्याच जणांचं उतरलेलं परत चढतंही. पण तुमच्या जागी मी असते तर आधी हेच करून बघितलं असतं." मग त्यांनी विचारलं, "घरी तुमच्या ताटाकडे लक्ष ठेवायला कोण आहे?"

"आहेत की," मास्तर चक्क खोटं बोलले.

वाटेत त्यांचा विचार पक्का झाला. विकतचं दुखणं हवंय कशाला? हळू तर हळू. त्या संध्याकाळी त्यांनी एकदाच वाढून घेतलं आणि भांडी घासून ठेवली. मग बराच वेळ नुसते बसून राहिले.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. "काय ठरलं?"

"ऑपरेशन नको म्हणतोय. पथ्यावरच बघू काही महिने."

"खरंच?" तिचा सुस्कारा मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. "बरंच झालं, बाबा. इथे कामानं जीव नकोसा झालाय, रजा कशी मागायची याच काळजीत होते मी. आता मुलांच्या सुट्टीत येऊ. जमलं तर."

जमलं तर! मास्तरांना हे दोन शब्द पाठ होते. गेल्या सुट्टीत जमलं नव्हतं, त्याच्या आधीच्याही नाही.

"ऑपरेशन असतं तर तीन आठवडे मिळाले असते ना तुला?"

"ते मिळालेच असते. वडिलांच्या ऑपरेशनला कोण नाही म्हणेल? पथ्याला कोण रजा देतं?" ती हसली.

मास्तरही हसले. मग म्हणाले, "नाही गं, पथ्य मला जमायचं नाही. ऑपरेशनच करू."

"अहो, आत्ताच तर म्हणालात—"

"ठरलं माझं. तुझी रजा असेल ती तारीख घे."

त्यांनी फोन ठेवला. गळणारी शिवण आठवली, गुठळी आठवली. मग ते उठले, कपाटातलं चांगलं मऊ कापड काढलं आणि लेकीच्या उशीसाठी दोन अभ्रे बेतायला घेतले.