आईकडून आलेलं

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा लातूरच्या घरी नळाला पाणी आलं होतं आणि मी भांडी भरत होते. नांदेडहून तिची शेजारीण बोलत होती, "बाई सकाळी दार उघडंनात..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. नळ तसाच वाहत राहिला.

नांदेडला मेडिकलला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती उदगीरच्या शाळामास्तरांची लेक. तिचा पाठचा भाऊ लहानपणीच चालायचा थांबला आणि विशीच्या आत गेला. स्नायू झिजवणारा हा आजार मुलाला आईकडून येतो, आईला स्वतःला मात्र बहुधा काहीच होत नाही, हे तिला अभ्यास करताना कळलं. मग तिनं सारं आयुष्य त्या आजारालाच दिलं. ते दुष्काळाचे दिवस होते. गावात टँकर आला की माणसं जमत. तिथंच ती विचारी, कुणाच्या घरी मुलगे बसून आहेत, मामाचंही तसंच झालं होतं का. रक्ताचे नमुने बर्फात घालून मुंबईला पाठवी.

बिलोलीकडच्या एका घरी मी तिच्यासोबत होते. ओट्यावर दोन मुलगे बसलेले, पाय लुळे. त्यांची आई सुनंदा दाराआड उभी. बाप दिगंबर दुसऱ्या लग्नाच्या बेतात होता. त्यानं सरळच विचारलं, "बाई, खरं सांगा. ही बिमारी हिच्याकडून आली का?"

"हिच्याकडून आली. पण हिनं दिली न्हाई," कुसुम म्हणाली. "माझा भाऊ असाच गेला. मग माझ्या आईला घराबाहेर काढायला पायजे होतं का?"

दिगंबर उठला, थोरल्याच्या अंगावर ऊन आलं होतं, त्याला उचलून सावलीत नेलं. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. मुलं होती तोवर दोघं नवरा-बायको त्यांना नांदेडला आणत राहिले.

तोच दोष बहिणीतही लपून असू शकतो, म्हणून कुसुमनं लग्न केलं नाही. एका सहकाऱ्याला होकार द्यायच्या बेतात होती, पण थांबली. पुढं बायकांच्या रक्तातला हा दोष शोधणारी तपासणी निघाली. कितीतरी बायकांचं रक्त तिनं पाठवलं, स्वतःचं कधीच नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली,

"आता कळून काय करू गं? दोष नाही निघाला, तर एवढी वर्षं उगीच एकटी राहिले, असं होईल..."

परवा तिचं घर आवरायला गेले होते. चाकाच्या खुर्चीतली मुलं थेट आत यावीत म्हणून घर बांधतानाच तिनं एकाही दाराला उंबरा ठेवला नव्हता. आतल्या खोलीत जाताना मी सवयीनं पाऊल उंच उचललं. ते सपाट फरशीवर पडलं, आणि त्याचा आवाज साऱ्या घरात घुमला.