येळवशीच्या पंगतीत ठमी

घराला कुलूप लावताना यांनी पुन्हा विचारलंच, "कुत्र्यांना कुणी सहलीला नेतं का?"

आम्ही नेत होतो. लेक नोकरीसाठी दिल्लीला गेली आणि तिच्या लाडक्या ठमीनं अन्न टाकलं. थोडं दूध चाटून कशीबशी तग धरून होती. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, जरा मोकळ्या हवेत न्या. यांच्या मते घरात अन्न टाकलेल्या दोघी होत्या, पण यांचं कोण ऐकतं! म्हणून परभणी जिल्ह्यात, राणीसावरगावजवळ एक आखाडा (शेतातलं राहतं घर) चार दिवसांसाठी घेतला. आमचा दुसरा कुत्रा भोपळ्या, त्याला खाण्याचं कसलंच दुःख नाही. पुण्यात केलेली न्याहारी त्यानं बीडच्या अलीकडे यांच्या मांडीवर परत केली.

गंगाखेड मागे पडलं तशी काळी रानं सुरू झाली. कमरेच्या वर आलेली ज्वारी, मधूनच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. आखाड्याचे मालक माधवराव आणि त्यांच्या पत्नी गयाबाई वाटेवरच उभे होते.

"लय येळ लावला की ताई! पाव्हणे दमले असतील," गयाबाई म्हणाल्या. पाव्हणे म्हणजे कुत्रे. त्यांनी दुधात भाकरी कुस्करून आणली. भोपळ्यानं ताटली चकचकीत केली, ठमीनं तोंड फिरवलं. मी गयाबाईंना सगळी कर्मकहाणी सांगितली.

दुसऱ्या दिवशी येळवस (वेळा अमावस्या) होती. त्या दिवशी इकडे गाव ओस आणि शिवार गजबजलेलं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढे बाजरीचे उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) आणि भज्जी (कडधान्यं, भाज्या घालून केलेलं बेसन). पूजा होईपर्यंत कुणी घास तोंडात घालायचा नाही. आम्ही शहाण्यासारखं भोपळ्याला बाभळीला बांधलं. ठमी मोकळीच होती. जी खातच नाही, तिला कशाला बांधायचं?

माधवराव विहिरीवरून पाणी घेऊन आले आणि थबकले. खोपीतून एक शेपूट बाहेर आलं होतं, आणि ते हलत होतं.

मी धावले. उंडे संपले होते, भज्जी चाटणं चाललं होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आनंदानं रडूही कोसळलं. "खाल्लं हो हिनं!" एवढंच मी म्हणत राहिले.

"रडू नका ताई," गयाबाई पदर खोचत म्हणाल्या. "दुसरा निवद भरते. काल भाकरीकडं बघंना, अन् आज पांडवांच्या म्होरं जेवायलीय!"

"पर पांडव उपाशी ऱ्हायले की," माधवराव कुरकुरले.

"ऱ्हाऊ द्या घटकाभर. वनवासाची सवय हाय त्यायला."

पूजा झाली, पंगत बसली. ठमी माझ्या गुडघ्याशी बसून पुन्हा उंडा खाऊ लागली. गयाबाई बघत होत्या.

"घरी कुठं वाढताव हिला?"

"गॅलरीत. आम्ही टेबलावर बसतो."

"अन् लेक?"

"ती ताट घेऊन हिच्याजवळ, खाली..." माझा घास हातातच राहिला.

"मग एकटीला कसं गोड लागंल, ताई?"

उरलेले दिवस ठमी आमच्या पंगतीत जेवली, भोपळ्या सगळ्यांच्याच. निघताना गयाबाईंनी उंड्यांची पिशवी ठमीच्या नावानं दिली.

आता आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पडलेली असतात. आम्ही सगळे खाली बसतो. उठताना यांचे गुडघे तक्रार करतात, पण हे ताट टेबलावर न्यायचं नाव काढत नाहीत. परवा लेकीचा फोन आला.

"आई, ठमी जेवते ना गं?"

"दोघी जेवतो," मी म्हटलं.