शनिवारचा कुत्रा

मी रोह्याची. आमच्या आळीत कुत्री होती, पण ती कुणाची असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. ती आळीची असायची, बस्स. लग्न होऊन पेणला आले तेव्हा नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. पाळीव कुत्र्यांचं लायसन काढा, गळ्यात पट्टा बांधा, पट्ट्याला बिल्ला लावा, बिल्ला नसलेली कुत्री मोकाट समजून उचलली जातील. मला हसू आवरेना. सासरेसुद्धा हसले, आणि ते काही उठसूट हसणारे नव्हते. "माणसाला कोण विचारत नाय, आणि कुत्र्याला लायसन," एवढं बोलून ते पुन्हा गणपतीच्या मातीकडे वळले.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. त्या उन्हाळ्यात बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं बऱ्याच जणांना चावलं होतं, आणि ती माणसं पोटात इंजेक्शनं घेत फिरत होती. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण मग पिंजऱ्याची गाडी फिरू लागली, लांब लोखंडी चिमटे घेतलेली माणसं घेऊन. त्या गाडीत चढलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, घरामागची पत्र्याची लांब शेड. नवरा डोलवीच्या कंपनीत, शिफ्टला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे दिवसभर घरात मी, सासरे आणि गणपती. तिघांपैकी जास्त कोण बोलायचं ते सांगायला नको.

शेजारी एक मावशी राहायच्या. ज्यू होत्या, पण मराठी आमच्याहून अस्सल आणि जीभ माझ्याहून तिखट. नवरा वारलेला, मुलं इस्रायलला. त्यांच्या पायरीवर एक तांबडा कुत्रा पडलेला असायचा, एक कान दुमडलेला. मावशींनी त्याला नाव ठेवलं नव्हतं. यू यू केलं की यायचा. शुक्रवारी संध्याकाळी मावशी दिवा लावायच्या आणि तिथून शनिवारची संध्याकाळ उलटेपर्यंत त्यांच्याकडे चूल पेटत नसे. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या आदल्या दिवशीचं जेवायच्या. पण या लाडोबाला शिळं चालत नव्हतं. शनिवारी सकाळी तो बरोबर आमच्या मागच्या दारात येऊन बसायचा, गरम भाकरीसाठी. सासरे पहिली भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकायचे आणि वर मला बजावायचे, "शनवारपुरता हां. माझा नाय तो."

लायसन अर्थातच मावशींनी काढलं. मला सोबत नेलं होतं. कारकुनानं कुत्र्याचं नाव विचारलं. "नाव नाय त्याला," मावशी म्हणाल्या. "तुमची गाडी आली तर नावानं हाक मारून नेणार हाय का?" कारकुनानं रकान्यात रेघ ओढली. पितळेचा बिल्ला घेऊन आम्ही घरी आलो. मावशींनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि पट्ट्याला अडकवला. कुत्रा चालला की बिल्ला पट्ट्याच्या कडीवर किणकिण वाजायचा. आळीत कुठे आहे ते न बघता कळायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलांनी मावशींना बोलावून घेतलं. कायमचं. जायच्या आधी त्यांनी घरी मलिदा केला, त्यांच्यात चांगल्या कामाला करतात तसा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. सगळ्या आळीला बोलावलं. मूठभर मलिदा पायरीवर कुत्र्यापुढेही ठेवला. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "भाऊ, याला बघा."

"शनवारचा हायच ना तो आमच्याकडे," सासरे म्हणाले.

"आणि बाकीचे वार?"

सासरे मलिद्याच्या रिकाम्या बश्या गोळा करायला लागले. ते तसेच होते. घशाशी आलेला शब्द गिळून टाकायचे. मावशींनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि "नीट राहा गो" म्हणून जीपमध्ये बसल्या. मला त्यांचा राग आला, सासऱ्यांचा आला, सगळ्यांचाच आला. जीप वळणाआड गेल्यावर मी पदर तोंडाला लावून रडले.

कुत्रा बरेच दिवस त्या बंद दारासमोर बसून होता. मी भाकरी न्यायची, तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मग एका सकाळी स्वतःच उठून आमच्या शेडमध्ये आला आणि मातीच्या गोणीवर झोपला. सासऱ्यांनी त्याला हाकललं नाही. आपला म्हटलंही नाही.

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. सीझनला शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. फळ्यांवर गणपती, जमिनीवर गणपती, सगळ्यांचे रंग ओले. हा कुत्रा इतका शहाणा की त्या ओळींमधून शेपूट खाली धरून चालायचा, कुठे धक्का लागायचा नाही. पण गळ्यातला बिल्ला काही त्याच्या ताब्यात नव्हता. एकदा तो लटकता बिल्ला एका गणपतीच्या ओल्या पीतांबराला घासला आणि पिवळ्या रंगावर लांब ओरखडा उमटला. सासरे कुत्र्याला शब्दानं बोलले नाहीत. पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवून ठेवला. रंग वाळेपर्यंत, म्हणाले. पेणमध्ये कुणीही हेच केलं असतं. मूर्तीपुढे नियम कुणाला आठवतो?

दुसरी गोष्ट आखणीची. गणपतीचे डोळे काढतात त्याला आखणी म्हणतात, आणि आमच्याकडे ती फक्त सासरे करायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. एक डोळा झाला की दुसरा झाल्याशिवाय उठायचं नाही. देवाला एका डोळ्याचा ठेवून उठू नये, हा त्यांच्या वडिलांपासूनचा कायदा. सासूबाईंना ताप भरला तेव्हाही डोळे पुरे करूनच उठले होते, असं नवरा सांगायचा. चांगलं म्हणून सांगायचा की वाईट म्हणून, ते मला कधी कळलं नाही.

शनिवार होता. भाकरी खाऊन कुत्रा नाक्यावर फिरायला गेला होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात गाडीचा आवाज आला आणि मागोमाग त्याचं केकाटणं. बघते तर मान चिमट्यात, गळा उघडा. पट्टा शेडमध्ये खुंटीवर होता. धावत आत गेले. सासरे मूर्तीपुढे मांडी घालून बसलेले. एक डोळा झालेला, ब्रश दुसऱ्यावर टेकणार.

बोलू नये ते मी बोलले. "बाबा, त्याला धरलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मूर्तीकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे उठत नाहीत. आणि ते उठले. खुंटीवरचा पट्टा ओढला आणि अनवाणी धावले, एका हातात ब्रश, दुसऱ्यात पट्टा. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं ते तेवढंच.

आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत कुत्र्याला पिंजऱ्याच्या दारापर्यंत ओढलं होतं. सासऱ्यांनी धापा टाकत पट्टा पुढे केला.

"पट्टा घेऊन कोण पण येईल," चिमटेवाला म्हणाला. "कुत्रा कुणाचा हाय ते सांगा."

आळी बघत होती. मी मनात म्हटलं, बोला आता, एकदा तरी बोला.

"माझा," ते म्हणाले.

"मग बिल्ल्याविना मोकाट कसा?"

"रंग ओला हाय. बिल्ला घासतो गणपतीला."

तो माणूसही पेणचाच. त्यानं सासऱ्यांच्या हातातल्या ब्रशकडे बघितलं, काळ्या रंगाकडे बघितलं, आणि काय ते समजला. "आखणी टाकून आलात?" एवढंच त्यानं विचारलं. चिमटा सैल केला. सीझन संपेपर्यंत बांधून ठेवा म्हणाला आणि गाडी पुढे गेली.

त्या दिवशी सासऱ्यांनी पुन्हा ब्रश धरला नाही. दुसरा डोळा त्यांनी दुसऱ्या दिवशी अंघोळ करून काढला. तो किंचित खाली बघणारा झाला, समोर जमिनीवर कुणी बसलेलं असावं तसा. ती मूर्ती त्यांनी गिऱ्हाइकाला दिली नाही. त्या वर्षी आमच्या घरात तीच बसली.

पट्टा त्याच दिवशी परत गळ्यात गेला. बिल्ल्याभोवती सासऱ्यांनी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली, मूर्तीला घासू नये म्हणून. पुढच्या शनिवारी सवयीनं मी भाकरी मोडून मागच्या दारात टाकायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून ती घेतली. कुत्र्याला घेऊन शेजारी गेले आणि मावशींच्या बंद दाराच्या पायरीवर त्याला वाढली. तो खाईपर्यंत तिथेच बसून राहिले. मग दर शनिवारी तेच.

एकदा मी विचारलंच, आपलं दार सोडून तिकडे कशाला.

"बाकीचे वार आता माझे झाले ना," म्हणाले. "एक तरी तिला नको?"