पाइप जोडायची गेम पहिली आली

आमच्या घरात गेमचं वर्ष गुढीपाडव्याला संपतं. एका पाडव्याला बाबांनी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला, तेव्हापासूनची ही रीत. डब्यासोबत कॅसेट एकच होती आणि आम्ही भाऊ दोन. पुढच्या पाडव्यापर्यंत कॅसेटी चार झाल्या आणि भांडणांचा हिशेब राहिला नाही. तेव्हा आईनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, वर्षभरात कोणती गेम पहिली, कोणती दुसरी, कोणती तिसरी, ते पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि म्हणाली, "आता ह्याच्यावर बोलायचं न्हाई."

आम्ही त्याच्यावर पुढची वीस-बावीस वर्षं बोलत राहिलो.

नियम साधा. दोघांनी आपापल्या गेमची बाजू मांडायची, निकाल आईनं द्यायचा. आई स्वतः कधी खेळली नाही, पण तूर निवडता निवडता ती सगळं बघायची आणि तिला सगळं कळायचं. यादी लिहायचीही तिनंच. आमच्यापैकी कुणी लिहिली तर निकाल बदलून स्वतःची गेम वर चढवतो, हे दोनदा बघून झालं होतं. एकदा धाकट्यानं केलं होतं, एकदा मी. मी केलेलं जास्त सफाईदार होतं, एवढं मात्र सांगायला हवं.

कॅसेटी गेल्या, कॉम्प्युटर आला, तो गेला, मोबाइल आला. मी चाळिशी ओलांडली, धाकटा पस्तिशीच्या दारात येऊन उभा राहिला, तरी पाडव्याला कॅलेंडरचं पान उलटं व्हायचंच. बायको म्हणायची, "अहो, यादी करायची हौसच असेल तर किराण्याची करा."

खरं सांगायचं तर भांडण गेमचं नव्हतंच. लातूर नवा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, तेव्हा बाबा बदली मागून घेऊन नांदेडहून इकडं आले. धाकटा तेव्हा पाळण्यात होता. पण त्याला न विचारता त्याला गोदावरीकाठावरून उचललं, हे त्यानं कधी माफ केलं नाही. शिकला तो नांदेडला, नोकरी धरली तिथं, घर बांधलं विष्णुपुरीच्या अलीकडं. लातूरला तो अजूनही 'तुमचा नवा जिल्हा' म्हणतो. म्हणजे नव्या जिल्ह्यात जन्मलेली पोरं बाप झाली, पण ह्याच्या लेखी त्याचा रंग अजून वाळायचाय.

त्याच्याकडं घर मोठं, गाडी मोठी, पगार मोठा. माझ्याकडं भाड्याचा वरचा मजला आणि आई. बाबा गेल्यापासून आई माझ्याजवळ राहायची, ही एकच गोष्ट माझ्याकडं होती आणि त्याच्याकडं नव्हती. ती मी जपून ठेवली होती असं म्हणायची माझी पद्धत आहे. दाखवत फिरत होतो, हे बायकोचं म्हणणं.

आणि मग तो दुष्काळ आला. हिवाळ्यातच नळ कोरडे पडले. आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा येई. रांग माणसांची नसे, घागरींची असे. माणशी दोन घागरी. प्रत्येकीवर ऑइल पेंटची खूण, आईच्या घागरींवर लाल ठिपका. घागर रांगेत ठेवून माणूस कामाला जाऊ शके. पण टँकरचा हॉर्न वाजला की मालक घागरीपाशी हजर पाहिजे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या भाभी पायानं ती घागर रांगेबाहेर सारणार. भाभींना हे काम कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं आणि त्यांच्याकडून परत घेण्याची कुणाची छाती नव्हती.

दर रविवारी नांदेडहून फोन यायचा.

"दादा, आईला पाठवून दे. इथं नळाला पाणी हाय."

"इथंबी हाय."

"कुठं? पेपरात?"

"टँकरनं येतं. आता रेल्वेनं येणार म्हणून राहिलेत."

"रेल्वेनं पाणी! वा रे तुमचा नवा जिल्हा. सत्तरीची बाई तिथं ठेवून तू काय सिद्ध करून राहिलास?"

मी फोन आपटायचो. मोबाइल आपटता येत नाही म्हणून गादीवर आपटायचो.

त्या वर्षी माझ्या मोबाइलवर एक गेम होती. वाकडेतिकडे पाइपाचे तुकडे दिलेले असायचे. ते बोटानं फिरवून एकमेकांना जोडायचे आणि टाकीतलं पाणी हंड्यापर्यंत पोचवायचं. मध्ये सांधा चुकला की पाणी सांडणार आणि डाव गेला. भर दुष्काळात, कोरड्या नळाखाली बसून मी रोज शेकडो हंडे भरत होतो. बायको एकदा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "त्यातलं थोडं इकडं ओता, भांडी पडलीत." मी हसलो. ती हसली नव्हती.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात एके दुपारी बायको शाळेत शिकवायला गेली होती आणि रांग सांभाळायची पाळी माझी होती. मी जिन्यात सावलीला बसलो. पाइपांचा एक डाव चार दिवस सुटत नव्हता, तो सुटायच्या बेतात होता. हॉर्न वाजला. मला ऐकू आला. मी मनात म्हटलं, एवढा एक सांधा जोडतो.

वरून आईनं बघितलं की भाभींनी आमच्या घागरी सारायला घेतल्यात. ती माझ्या अंगावरून खाली उतरली. मी पाय आवरून तिला वाट दिली. तिनं रांगेत उभं राहून घागरी भरल्या आणि एक कमरेवर घेऊन जिना चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर पाणी सांडलेलं होतं. आधी घागर वाजली, मग आई.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आता लिहितो. तो आवाज ऐकल्यावरही माझं बोट एक पाइप फिरवून आलं. डाव सुटला. मग मी उठलो.

आईचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. धाकट्याला कुणी कळवलं ते मला माहीत आहे, आणि बायकोशी मी दोन दिवस बोललो नाही. तीही बोलत नव्हती, त्यामुळं ते तिच्या लक्षात आलं नाही.

पाडव्याला सकाळीच धाकट्याची जीप दाराशी आली. मागं पाण्याचे पाच जार. गल्लीनं ते मोजले. तो वर आला, आईचं प्लास्टर बघितलं, माझ्याकडं बघितलंच नाही.

"आई, बॅग भर."

"आधी यादी करू," मी म्हणालो. माझी अक्कल किती, हे एवढ्यावरून कळावं. पण मला वाटलं, यादी झाली की जेवण होईल, जेवण झालं की ऊन होईल, आणि उन्हाचं आई जायची नाही.

"यादी?" धाकटा म्हणाला. "लाज वाटून नाही राहिली का दादा तुला?"

"तुझी ट्रॅक्टरच्या शर्यतीची गेम दुसरी येईल म्हणून घाबरलास काय?"

"माझी पहिलीच येते. तुझ्या गेमचं नाव तरी घे आईसमोर!"

"पाइपाची," मी नाव घेतलं.

आतून बायकोनं भांडं ठेवलं, जरा जोरात.

आई म्हणाली, "पान काढा. माझ्यानं लिहवत न्हाई. थोरल्या, तू लिही. आन् जे सांगते तेच लिही."

मी कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन घेतलं. धाकटा दारात उभाच राहिला. त्यानं ट्रॅक्टरच्या गेमची बाजूही मांडली नाही. गरजच काय होती? निकाल प्लास्टरमध्ये गुंडाळून समोर ठेवलेला होता. माझ्या गेमला शेवटचा नंबर मिळणार आणि तो मला माझ्याच हातानं लिहावा लागणार, हे मलाही दिसत होतं.

"लिही," आई म्हणाली. "पहिली, पाइप जोडायची."

मी वर बघितलं.

"अगं आई!" धाकटा ओरडला. "हात मोडला ना तुझा त्या गेमपायी!"

"गेमपायी न्हाई, ह्याच्यापायी मोडला. गेम चांगलीच हाय. घोड्याएवढा माणूस हॉर्न इसरतोय, आई इसरतोय, मंजी लई चांगली असंल. मी खोटं कशाला सांगू? लिही."

मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

"दुसरी, ट्रॅक्टरची. तिसरी काय लिहायची ते तुमचं तुम्ही बघा." मग ती धाकट्याकडं वळली. "माझी बॅग कपाटावर हाय. ती घे."

"आई, ऊन होईल," मी म्हणालो.

"जीपला टप हाय."

"हात बरा झाला की ये."

"पाणी आलं की बघू," ती म्हणाली. मला नाही, बायकोला. बायकोनं तिच्या डोक्यावर पदर नीट केला आणि बॅगेत तूप ठेवलं. मी पाच जार वर आणले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक आणताना मीही तिसऱ्या पायरीवर घसरलो, पण सावरलो. बघायला कुणी नव्हतं.

त्या वर्षी मी जिंकलो. पान भिंतीवर होतं, वर माझी गेम, खाली त्याची. इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ विजय मला मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घागरी लावायला मी मोबाइल वर ठेवून गेलो. माझ्या दोन, बायकोच्या दोन, आणि सवयीनं लाल ठिपक्याच्या दोन. हॉर्न वाजायच्या आधीपासून उभा होतो. भाभी रांग बघत बघत आल्या आणि लाल ठिपक्यापाशी थांबल्या.

"भाईसाब, अम्मा तो नांदेडला गेल्या ना?"

"हाव."

"मग ह्या कशाला लावल्या?"

भाभींनी पाय उचलला, माझ्याकडं बघितलं, आणि पाय परत खाली ठेवला.

"तुम्हीच काढा," त्या म्हणाल्या.

मी त्या दोन घागरी उचलल्या आणि वर घेऊन गेलो. रिकाम्या होत्या, तरी जिन्यात दोनदा थांबलो.