डोलीतून कामाला

तळेगावच्या कारखान्यात भरलेली ट्रॉली माझ्या डाव्या पायावरून गेली, तेव्हा दुखण्याच्या आधी मला नोकरी आठवली. ठेकेदाराच्या हाताखाली वर्षं काढल्यावर आत्ता कुठे माझं नशीब उघडत होतं. पावसाळा संपला की मला कायम करायचं ठरत आलं होतं. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तेवढा एकच. आणि मी अशी पाय मोडून बसले.

प्लास्टर घातलं त्याच आठवड्यात सेफ्टीच्या साहेबांचा फोन आला. "ताई, घरी बसून मनानं खचाल. तुम्ही या. जड काम देणार नाही. खुर्चीत बसायचं आणि रबरी रिंगा नजरेनं तपासायच्या." त्यांचाही जीव टांगणीला होताच. गेटावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक आहे. जखमी माणूस घरी बसला की त्यावरचा आकडा शून्यावर जातो. पण साहेब शब्दाला जागले. खुर्ची आणली, पाय ठेवायला स्टूल आणलं, चहासुद्धा जागेवर यायला लागला. माणूस वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाला काय म्हणायचं?

"अजून काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई, साहेब."

अडचण गेटाच्या बाहेर होती. आमची वाडी आंदर मावळात, डोंगराच्या अंगावर. कंपनीची गाडी फाट्यावर थांबते, आणि तिथून वर वाडीपर्यंत नुसती पायवाट. पावसाळ्यात तिच्यावर मोटारसायकलही चढत नाही. एरवी मी ती वाट भराभर उतरायचे. आता डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. तळेगावात राहावं तर नात्यातलं कुणी नाही. आजारी माणसाला खाली न्यायची आमच्याकडे एकच रीत आहे. बांबूला घोंगडी बांधून डोली करायची, माणूस आत घालायचं आणि दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची. तशी मी रोज कामाला जायला लागले. पुढे नवरा, मागे दीर.

पहिल्या दिवशी वाटेवरच्या घरातली मावशी हातातलं काम टाकून धावत आली. "काय झालं गं पोरीला? कुटं न्हेताय?"

"कामाला," नवरा म्हणाला.

मावशीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. प्लास्टर भिजू नये म्हणून पायावर युरियाची रिकामी पिशवी बांधलेली, पोटाशी जेवणाचा डबा, आणि समोर नवऱ्याच्या खांद्यावर बांबूचा लालभडक वळ. संध्याकाळी ते दोघं पुन्हा फाट्यावर उभे असायचे. कारखान्यात साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला माझी खुर्ची दाखवायचे. काम हलकंच होतं, खोटं कशाला बोलू? माझं ओझं दुसरेच कुणी वाहत होते.

सांगून का टाकलं नाही, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या लाइनवरच्या एकीचा हात भाजला होता. तिनं यायला जमत नाही म्हणून सांगितलं. "आराम करा," कंपनीवाले म्हणाले. ती आराम करून आली तेव्हा तिच्या जागी दुसरी उभी होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग भातलावणीचे दिवस आले. उपटलेली रोपं तशीच ठेवता येत नाहीत. दीर म्हणाला, "वहिनी, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या ना." माझं डोकं फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून शेताकडे गेला. तेव्हा माझे सासरे, आबा, ओट्यावरून उठले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "मागलं टोक मी धरतो."

"आबा, तुमी नगा."

"गप बस आत."

मी बसले. दुसरा काही इलाजच मला दिसत नव्हता.

ओढा ओलांडला आणि डोली एकदम मागे कलली. आबा खाली बसले होते. हात छातीवर, ओठ काळे पडलेले. "जरा दम खातो, मंग उचलतो," असं म्हणता म्हणता ते आडवेच झाले.

नवऱ्यानं पुढचं टोक खाली टेकवलं. वर शेतापर्यंत हाक पोचणं शक्य नव्हतं. मी डोलीतून उतरले, आम्ही दोघांनी आबांना आत घातलं आणि मागचं टोक मी खांद्यावर घेतलं. प्लास्टरचा पाय चिखलात टेकवला तशी डोळ्यांपुढे अंधारी आली. पावलागणिक मी ओरडत होते. "थांबू का?" नवरा विचारायचा. "थांबू नगा," मी म्हणायचे.

थोड्या वेळानं घोंगडीतून आवाज आला. "पोरी, मला हितंच ठिव. तू फुडं जा. गाडी चुकंल तुजी."

गाडी उभी होती. ड्रायव्हरनं एका शब्दानं विचारलं नाही. आबांना मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी सरळ तळेगावच्या दवाखान्याच्या दारात नेली. आम्हाला उतरवून ती कारखान्याकडे गेली. आबांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. पिशवी फाटली होती, प्लास्टर तळातून फुटलं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"ताई, खुर्ची रिकामी दिसली. काम झेपत नाहीये का? अजून हलकं देऊ?"

मग मात्र मी सगळं सांगितलं. डोली, दीर, आबा, सगळं.  साहेब म्हणाले, "आधी सांगायचं ना, ताई."

"आधी सांगितलं असतं तर खुर्ची ऱ्हायली असती का, साहेब?"

"बघतो," ते म्हणाले.

आतून नर्सनं हाक मारली. मी भिंत धरत धरत गेले. आबा शुद्धीवर होते. मला बघून त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजन हातानं बाजूला केला.

"गाडी घावली का गं?"

"घावली, आबा," मी म्हटलं, आणि मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर ठेवला.