काहिलीवर बांधलेली होडी

मी बांधलेली फायबरची होडी आजवर बुडालेली नाही, आणि त्यात माझं काडीचंही कर्तृत्व नाही.

बंधारा झाल्यापासून सोनपेठकडच्या आमच्या शिवाराला गोदावरीचं पाणी बारमाही तुंबतं. मावशीचं गाव समोरच्या काठावर. तिचं वाळत घातलेलं लुगडं आमच्या अंगणातून दिसतं, पण जायचं तर गंगाखेडला एसटी बदलून. आईचे गुडघे गेलेले, मावशीचेही. फोनवर बोलताना दोघी आपापल्या काठावरून एकमेकींना हात हलवायच्या. मला ते बघवेना. विज्ञानाचा मास्तर म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. म्हटलं, आईला होडीतून नेतो.

फायबरला साचा लागतो. त्यावर रेझिन आणि काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर लावायचं, आणि वाळलं की सोडवून घ्यायचं. साचा म्हणून मी आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातली, गूळ आटवायची लोखंडी काहील पालथी घातली. परभणीचं ऊन ते. पहिलं रेझिन बादलीतच दगड झालं (बादली अजून आहे, ब्रशसकट). काचेच्या कुसळांनी अंगाला अशी खाज सुटली की बायकोनं माझी बाज अंगणात काढली.

साचा सुटावा म्हणून आधी मेण चोळतात. मी वड्या थापताना ताटाला लावतात तसं तेल लावलं. गंजलेल्या काहिलीनं ते पिऊन टाकलं आणि होडी तिला जी चिकटली ती चिकटलीच. गरम पाणी ओतलं, पहारीनं उचकटलं, शेवटी ट्रॅक्टर लावला. काहील ओढत गेली, होडीसकट.

उन्हाळाभर गुमान बघत बसलेली आई म्हणाली, "तशीच लोट की पाण्यात."

"आई, आत लोखंड हाय. बुडंल."

"काहील कुठं बुडती व्हय? पूर आला की आमी बहिणी काहिलीतच बसून पार व्हायचो."

"मग आधी बोलली का न्हाईस?"

"रिटायर झाल्यापून तोंड पाडून बसला व्हतास. हे कराय लागलास तवा कुठं पोटभर जेवाय लागलास."

मी काहील उताणी केली, आईला आत बसवलं आणि पाण्यात लोटली.

पलीकडं मावशी काठी टेकत पाण्यापर्यंत आली. दोघी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या. मग मावशीनं काहिलीला बाहेरून हात लावून विचारलं, "हिला हे काय गं केलंय?"

"लेकानं गोधडी घातलीय," आई म्हणाली. "थंडी वाजंल म्हून."