गाठोडेवालीचा लिफाफा

आमच्या इस्पितळात ती नऊ वर्षं होती, पण तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर फारसं कुणी वापरलं नाही. सगळे तिला गाठोडेवाली म्हणत. मी मात्र ताई म्हणायचो आणि ती मला काका. मी तळमजल्यावर आवक-जावक बघतो. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, जाणाऱ्यावर टाकायचा, घेणाऱ्याची सही घ्यायची. माझ्या कामाला कुणी काम समजत नाही आणि तिच्याही कामाला समजत नव्हतं, म्हणून आमचं जमायचं.

तिच्याकडे एकतीस संगणक होते, सगळे लिनक्सवर चालणारे. रोज ठरल्या वेळी नोंदींची प्रत काढणं, डिस्क भरत आली की बोंब मारणं, नव्या नर्सचं खातं उघडणं, अशा कामांसाठी तिने छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांच्या फायली, लिहिल्या होत्या. संगणक नवा आला की त्या एकेक करून हाताने नेऊन ठेवायच्या. एकदा रक्तपेढीत नवा संगणक आला तेव्हा ती रजेवर होती. इस्पितळाचा कारभार बघणाऱ्या आमच्या साहेबांना दम धरवेना. त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून फायली टाकून घेतल्या, आणि 'ही रोज दुपारी दोनला चालव' एवढी एक ओळ राहून गेली. अकराव्या दिवशी डिस्क बसली. प्रत एकही नाही! रक्तपेढीतल्या बायकांनी चार दिवस मान मोडून कागदांवरून नोंदी पुन्हा चढवल्या. आणि मेमो कुणाला? ताईला. रजेवर असलेल्या बाईला! त्या मेमोवर जावक क्रमांक मी टाकला. निमूटपणे टाकला. त्याची लाज मला अजून वाटते.

ती रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, माझे बाबा वायरमन होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असायची. यादी वाचल्याशिवाय पेटी बंद करायचे नाहीत. मी पण आता सगळ्याचं एकच गाठोडं बांधणार."

त्यावरूनच तिला ते नाव पडलं. खरा शब्द पॅकेज. कोणती फाइल कुठे बसेल, तिच्याआधी संगणकात काय असायला हवं, कोणती स्क्रिप्ट किती वाजता चालेल, सगळं त्या एकाच पॅकेजात. उद्या ते काढून टाकायचं झालं तर स्वतः आणलेलं तेवढंच उचलून न्यायचं, रुग्णांच्या नोंदींना धक्काही लावायचा नाही. या काढण्यावरच तिने तीन आठवडे घालवले. भांडारातला एक जुना संगणक पुसायचा, पॅकेज बसवायचं, काढायचं, कागदावर खूण करायची, पुन्हा पुसायचा. शिवाय इस्पितळात कुणीही काहीही आणून घुसवू नये म्हणून तिने एक पक्की सोय केली. पॅकेजवर आपल्या विभागाची संगणकी सही असेल तरच आमचे संगणक ते घेतील, नाहीतर दारातूनच परत.

तयार झाल्यावर तिने मला बसवलं. "काका, ही ओळ टाइप करा." मी दोन बोटांनी केली. मिनिटभरात सगळं जागच्या जागी! मला तर हसूच फुटलं.

नेमके तेव्हाच साहेब आले. बघितलं आणि म्हणाले, "एवढं सोपं आहे? मग यासाठी पूर्ण वेळ माणूस कशाला लागतो?"

वर्ष संपलं तसा तिचा करार संपवला. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काम वाईट केलं म्हणून माणसं घालवलेली मी पाहिली होती, फार चांगलं केलं म्हणून घालवलेली ही पहिलीच. घरी नवरा बसवर ड्रायव्हर, मुलगी शाळेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या म्हणाल्या म्हणे, "इतकं नीट करायचंच कशाला मग, बाई?"

जायच्या दिवशी तिने साहेबांच्या नावाचा एक बंद लिफाफा माझ्याकडे दिला. आवक क्रमांक चारशे अठरा. मी तो वर नेला, साहेबांनी फोनवर बोलता बोलता वहीत सही ठोकली.

तीन महिन्यांनी तिला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. अट एकच, आमच्याकडचं अनुभवाचं प्रमाणपत्र. मी मसुदा करून साहेबांच्या टेबलावर ठेवला, तो तिथेच लोळत पडला. त्याच सुमारास प्रती ठेवायची जागा बदलली. देखभालीसाठी बाहेरच्या कंपनीचा माणूस यायचा, त्याने पॅकेज सुधारलं, पण एकतीसपैकी एकही संगणक ते घेईना. सही ओळखीची नाही म्हणे.

झालं! साहेबांनी पत्र लिहिलं. 'सदर महिलेने जाताना यंत्रणेस हेतुपुरस्सर कुलूप लावले.' प्रत त्या प्रयोगशाळेला. पत्र माझ्यासमोर आलं, पाठोपाठ साहेबांचा फोन.

"क्रमांक टाका आणि आजच्या आज पाठवा."

"नाही टाकणार, साहेब."

"काय म्हणालात?"

"एकदा टाकला होता, रक्तपेढीच्या वेळी. आता नाही."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी आवाज चढवला नव्हता. वही काखेत मारून, ते पत्र हातात घेऊन जिना चढलो, त्यांच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि वही उघडून आपटली. "चारशे अठरा. सही कुणाची ते वाचा. आणि लिफाफा काढा."

कंपनीचा माणूस तिथेच उभा होता. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत खण उपसला. जुन्या डायऱ्यांखाली लिफाफा सापडला. न फोडलेला. वर चहाच्या कपाचे तीन गोल डाग. आत एक पेनड्राइव्ह, त्यात पॅकेजवर ती संगणकी सही करायची किल्ली, आणि सुवाच्य अक्षरात दोन पानं. किल्ली कशी वापरायची, प्रतींची जागा बदलली तर काय करायचं, चुकलं तर मागे कसं यायचं.

कंपनीच्या माणसाने दोन्ही पानं वाचली. "साहेब, जाताना असं लिहून कुणी देत नाही हो," तो म्हणाला. पंधरा मिनिटांत एकतिसाच्या एकतीस संगणकांनी नवं पॅकेज मुकाट्याने घेतलं.

साहेब हसले. खरंच हसले! "हात्तिच्या! एवढं सोपं होतं होय?"

"सोपं नव्हतं, साहेब. तिने सोपं केलं होतं."

त्यांनी कुलपाचं पत्र फाडून टोपलीत टाकलं. दोन आठवडे लोळत पडलेलं प्रमाणपत्र मी ओढून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात मी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं. 'रक्तपेढीतील नोंदी गेल्या त्यात यांचा काहीही दोष नव्हता. संगणक बसवला त्या दिवशी त्या रजेवर होत्या.'

साहेबांनी ते न वाचता सही केली. मी तिथेच उभ्या उभ्या जावक क्रमांक टाकला.